मामाचं पंचांग

"या महिन्यात काही नाही," मामा म्हणाला.

हॅलो नाही, कशी आहेस नाही. पण तेवढ्यावरून मला कळलं की टर्नर क्लासिक मूव्हीजची पुढच्या महिन्याची यादी आली. टीसीएम म्हणतात तिला. चोवीस तास जुने सिनेमे दाखवणारी अमेरिकन वाहिनी. मध्ये जाहिराती नाहीत, काटछाट नाही.

"किती खुणा केल्यास?" मी विचारलं.

तिकडे कागद सळसळले. मग जरा पडेल आवाजात उत्तर आलं, "एकोणीस."

"आणि काही नाही म्हणतोस!"

"अगं, त्यातले अकरा पाहिलेले आहेत."

थोड्याफार फरकानं हा संवाद आमच्यात वर्षानुवर्षं दर महिन्याला होत आलाय. मामा न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. १९७१ साली आला आणि मॅनहॅटनमधल्या एका विमा कंपनीत एकतीस वर्षं हिशेब लिहून निवृत्त झाला. मी १९९९ साली कॅलिफोर्नियात आले, सनीवेलला. आमच्यामध्ये अख्खा देश आहे. भेट वर्षा-दोन वर्षांनी. बोलायला विषय एकच, ही यादी. तब्येत, मुलं, हवा हे सगळं तिच्या कडेकडेनं येतं.

मामा तिला पंचांग म्हणतो. आधी ती छापील पुस्तिका म्हणून टपालानं यायची. पुस्तिका आली की मामी हाक मारायची, "अहो, तुमचं पंचांग आलं," आणि पुढचे दोन तास त्याला कोणतंही काम सांगायचं नाही हे तिनं ठरवून टाकलेलं होतं. मामा जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि तीन पेन्सिली काढायचा. लाल म्हणजे काहीही झालं तरी पाहायचा. निळी म्हणजे पाहिलेला आहे, पण पुन्हा पाहायचा. साधी शिसपेन्सिल म्हणजे जाग आली तर. कृष्णधवल सिनेमांसाठी रंगीत पेन्सिली कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर त्यानं जो कटाक्ष टाकला तो मला फोनवरसुद्धा दिसला.

पंचांग हा शब्द मी बरीच वर्षं थट्टेवारी नेला. मग एकदा माझी फजिती झाली.

मी नवीन आलेली, व्हीसीआरचा जमाना. मामानं सांगितलं, रविवारी रात्री दोनला एक सिनेमा आहे, माझं यंत्र बिघडलंय, तू टेप करून पाठव. यादीतल्या वेळा पूर्व किनाऱ्याच्या असतात आणि देशभर एकच प्रक्षेपण जातं, हे मला माहीत होतं. म्हणून मी हुशारीनं तीन तास वजा केले. रविवारी पहाटेचे दोन म्हणजे आमच्याकडे शनिवारी रात्रीचे अकरा. टेप लावली, टपालात टाकली. चार दिवसांनी मामाचा फोन.

"हे काय पाठवलंयस?"

टेपवर भलताच सिनेमा होता. टीसीएमचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपतो. त्यामुळे यादीत रविवारच्या रकान्यात, अगदी तळाशी, दोन वाजताचा म्हणून जो सिनेमा दिसतो तो खरं तर सोमवारच्या पहाटेचा. मी एक दिवस आधीच टेप फिरवून बसले होते.

"पण मामा, रात्री बारानंतर तारीख बदलते ना!"

"कॅलेंडरात बदलते. पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो. हे तुला आता अमेरिकन वाहिनीनं शिकवायचं का?"

त्या दिवसापासून मीही पंचांगच म्हणते. त्या चुकीच्या टेपची एक प्रत मी स्वतःसाठी ठेवली होती. सत्तर मिनिटांचा, सुमार प्रतीचा, नावही न ऐकलेला गुन्हेपट. तो मी किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही. मामाला मागून मिळाला असता असा तो सिनेमा नव्हता. मला तर तो मागताच आला नसता.

यादीवर चिडणारा मामा एकटा नाही. त्यांच्या गावातल्या वाचनालयात दर मंगळवारी पाच-सहा जण जमतात. सगळे सत्तरीच्या पुढचे. यादी आली की त्या मंगळवारी जे चालतं त्याला मी भाऊबंदकी म्हणते, कारण एकूण जमीन किती हे कोणी बघत नाही, आपल्या वाट्याला किती गुंठे आले तेवढंच मोजायचं. एक प्री-कोडवाल्या बाई आहेत, निवृत्त शिक्षिका. हॉलिवूडची नैतिक आचारसंहिता १९३० साली कागदावर आली, पण तिचा बडगा खऱ्या अर्थानं १९३४च्या मध्यापासून उगारला गेला. बाईंच्या मते सिनेमा ही कला त्या चार वर्षांत जन्मली आणि वारली. त्या चार वर्षांतले सिनेमे, म्हणजेच प्री-कोड, तास-सव्वा तासाचे, तिखट, आणि बायका त्यात कोणाला भीक घालत नाहीत. ते बहुतेक सकाळच्या सत्रात लागतात, यावर बाईंचा राग आहे. मुख्य वेळ रात्री आठची. तिथे भरजरी म्युझिकल आणि आमच्या मुली सकाळी साडेसातला, मोलकरणीच्या वेळेला, असं त्या म्हणतात. म्युझिकलवाले गृहस्थ समोरच बसलेले असतात. त्यांचं म्हणणं, म्युझिकल कुठे आहेत? या महिन्यात मोजून चार!

मग एक वेस्टर्नवाला. आणि एक जण असा, की ज्याला एकोणीसशे साठनंतरचा कुठलाही सिनेमा 'क्लासिक' या नावाखाली दिसला की ताप चढतो. यादीत सत्तरच्या दशकातलं काही दिसलं की तो बोट ठेवतो आणि म्हणतो, झालं, सुरुवात झाली.

कशाची सुरुवात? तर एएमसीची. या मंडळींच्या मनात ती भीती घर करून बसलीय. एएमसीची पूर्ण अक्षरं अमेरिकन मूव्ही क्लासिक्स. १९८४ साली सुरू झालेली ही वाहिनी जुने सिनेमे विनाजाहिरात दाखवायची. पुढे तिथे जाहिराती आल्या, नवे सिनेमे आले, आणि २००२च्या सुमाराला नावातला क्लासिक शब्द फक्त अक्षरापुरता उरला. मग ती मालिकांसाठी गाजली, ती गोष्ट वेगळी. पण ज्यांनी ते आपल्या दिवाणखान्यात बसून पाहिलं, त्यांना यादीतला प्रत्येक रंगीत सिनेमा भिंतीवरच्या पहिल्या ओलीसारखा वाटतो. मला ही भीती अतिरेकी वाटायची. आता तितकीशी वाटत नाही.

वर्षातले दोन महिने तर विशेष धुमश्चक्रीचे. फेब्रुवारीत 'थर्टी-वन डेज ऑफ ऑस्कर' असतं. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यात एकतीस दिवस कसे, हा प्रश्न विचारायचा नाही, मार्चमध्ये शिरतात. नियम असा की ऑस्कर मिळालेला किंवा निदान नामांकन झालेला सिनेमाच लागणार. म्हणजे महिनाभर सगळे नावाजलेले पाहुणे. मामा या महिन्याला उपास म्हणतो. स्वस्तातले गुन्हेपट, पडेल विनोदी जोड्या, ज्यांना कोणी कधी पारितोषिक दिलं नाही असे सिनेमे, म्हणजे त्याचं रोजचं जेवण, सगळं बंद. २०१७ साली तर ते सगळे सिनेमे नावाच्या अक्षरानुसार ए पासून झेडपर्यंत लावले होते. मामा म्हणाला, हे पंचांग नाही, ही टेलिफोन डिरेक्टरी आहे.

ऑगस्टमध्ये 'समर अंडर द स्टार्स'. २००३पासून चालत आलंय. एकतीस दिवस, एकतीस नटनट्या, एकेकाला पूर्ण चोवीस तास. मंगळवारच्या मंडळींत यावर खरोखर दोन दोन महिने अबोला झालेला आहे. अमक्या नटाला चौथ्यांदा दिवस मिळतो आणि आमच्या तमकीला एकदाही नाही! यातलं गणित मात्र साधं आहे. चोवीस तास भरायला बारा-तेरा सिनेमे लागतात, तेही दाखवायचा हक्क असलेले. ज्या बाईनं सगळ्यात चांगलं काम दुसऱ्याच स्टुडिओत केलं, तिला दिवस कुठून देणार?

हक्क. अर्ध्याअधिक तक्रारींचं उत्तर या एका शब्दात आहे आणि ते कोणालाच ऐकायचं नसतं. टेड टर्नर या गृहस्थानं १९८६ साली एमजीएम स्टुडिओ विकत घेतला. कर्ज इतकं झालं की काही महिन्यांत स्टुडिओचा बराचसा भाग परत विकावा लागला, पण सिनेमांचा साठा त्यानं ठेवून घेतला. तोपर्यंतचे एमजीएमचे सिनेमे, १९५०पूर्वीचे वॉर्नर ब्रदर्सचे, आणि आरकेओ स्टुडिओचे. एकूण तीन हजारांहून अधिक. गावात सगळे हसले होते म्हणे, वाडा विकला आणि अडगळ ठेवली. त्या अडगळीवर ही वाहिनी उभी राहिली. म्हणून एमजीएमचे म्युझिकल आणि वॉर्नरचे गुंड पुन्हा पुन्हा भेटतात. तीसच्या दशकातले पॅरामाउंटचे सिनेमे मात्र क्वचित. कारण पॅरामाउंटनं आपले १९४९पर्यंतचे सातशेच्या आसपास बोलपट १९५८ साली विकून टाकले, ते फिरत फिरत युनिव्हर्सलकडे गेले. ते दाखवायचे तर भाड्यानं आणावे लागतात. फॉक्सचंही तसंच. म्हणजे एखादा सिनेमा यादीत नाही याचं कारण कोणाची आवडनिवड असेलच असं नाही, साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी पैशाच्या अडचणीत केलेला सौदा असतो. मी हे मामाला समजावून सांगायला गेले.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून काय चिडायचं नाही?"

याच टर्नरसाहेबांनी ऐंशीच्या दशकात कृष्णधवल सिनेमांना संगणकावर रंग फासायचा उद्योग केला होता, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिग्दर्शक चिडले, प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांपर्यंत गेलं. 'सिटिझन केन' तेवढा वाचला, कारण त्याचा दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या करारानं हात बांधलेले निघाले आणि १९८९ साली तो बेत सोडून द्यावा लागला. आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, १४ एप्रिल १९९४ला संध्याकाळी सहा वाजता, याच माणसानं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभं राहून ही वाहिनी सुरू केली. पहिला सिनेमा 'गॉन विथ द विंड', तो मूळचाच रंगीत. पण त्यामागून जे हजारो कृष्णधवल आले ते जसे होते तसेच आले. मामा त्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून टाइम्स स्क्वेअरला गेला होता. गर्दीत काही दिसलं नाही असं सांगतो. मामी म्हणते, दिसलं नाही ते बरं झालं, नाहीतर तीस वर्षं तेही ऐकावं लागलं असतं.

पहिल्या दिवसापासून पडद्यावर रॉबर्ट ऑसबोर्न असायचे. सिनेमाच्या आधी येऊन दोन-तीन मिनिटं बोलायचे, संपल्यावर पुन्हा येऊन निरोप द्यायचे. पांढरे केस, नीट कोट, आवाजात घाई नाही. ६ मार्च २०१७ला ते गेले तेव्हा मामाच्या घरी दोघं भेटायला आले, जसं घरातलं माणूस गेल्यावर येतात तसे. मी उपहासानं सांगत नाहीये. २००३पासून बेन मॅन्किविझ आहेत, 'सिटिझन केन'च्या दोन पटकथाकारांपैकी हर्मन मॅन्किविझ यांचे नातू. म्हणजे इथेही घराणं आहेच. शनिवारी मध्यरात्री एडी म्युलर येतात, 'नॉयर ॲली' घेऊन, म्हणजे जुने काळोखे गुन्हेपट. पूर्वेची मध्यरात्र म्हणजे आमचे रात्रीचे नऊ. रात्री आठचा मुख्य सिनेमा मी गाडीत असताना, वाहतुकीत अडकलेली असताना संध्याकाळी पाचला सुरू होतो, त्याची भरपाई मला नॉयरमध्ये मिळते. मामा तेवढा वेळ जागा राहू शकत नाही. तो रविवारी सकाळी दहाला तोच सिनेमा पाहतो आणि मी शेवट फोडू नये म्हणून शनिवारी रात्री फोन बाजूला काढून ठेवतो. पंचाहत्तर वर्षं जुन्या सिनेमाचा शेवट, आणि तो त्यानं चारदा पाहिलेला.

आमचा एक खेळ आहे. दिवसाच्या सत्रात सलग सहा-सात सिनेमे एका धाग्यात ओवलेले असतात. कधी कोणाचा वाढदिवस असतो, कधी सगळ्यांत आगगाडी, कधी सगळ्यांत जुळी भावंडं. पुष्कळदा धागा यादीत लिहिलेला नसतो. तो ओळखायचा. एकदा एका मंगळवारी सहा सिनेमे होते, नायक वेगळे, दिग्दर्शक वेगळे, सालं वेगळी. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग ऑफिसात मीटिंगमध्ये असताना मामाचा निरोप आला, "बटलर बघ." सहाही सिनेमांत बटलरचं काम करणारा नट एकच होता आणि त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. कोणीतरी एका कचेरीत बसून, ज्याचं नाव श्रेयनामावलीत आठव्या-नवव्या ओळीत येतं अशा माणसासाठी एक अख्खा दिवस बाजूला काढला होता. आणि दहा लोकांच्या लक्षात येईल न येईल, म्हणून तोंडानं काही सांगितलं नव्हतं.

हे करणाऱ्याला तिकडे प्रोग्रामर म्हणतात. आमच्या सनीवेलला प्रोग्रामर दगड मारला तरी सापडेल, पण तो वेगळा. मी स्वतः तसली प्रोग्रामर आहे. बरीच वर्षं माझं काम हेच होतं की माणसानं काल काय पाहिलं ते बघून आज त्याच्यापुढे काय ठेवायचं ते यंत्राला शिकवायचं. यंत्र ते चांगलं करतं. पण मामानं कधी एखाद्या स्ट्रीमिंगच्या पडद्यावर चिडून "या महिन्यात काही नाही" म्हटलेलं मी ऐकलं नाही. नातवानं त्याला लावून दिलंय ते. तो बघतो, बंद करतो. तिथे चिडण्यासारखं त्याला कोणी दिसतच नाही. यादीवर तो चिडतो, कारण ती कोणीतरी लावलीय. लावणाऱ्याला वेस्टर्न जरा जास्त आवडतात अशी मामाची पक्की समजूत आहे. फेब्रुवारीत तोही कंटाळत असणार, अशीही.

जून २०२३मध्ये मालक कंपनीनं खर्चकपातीत टीसीएमच्या वरच्या फळीतल्या लोकांना काढलं. त्यात चार्ल्स टाबेश होते, कित्येक वर्षं हे वेळापत्रक बांधणारे. बातमी आली त्या दिवशी मामाचा फोन वेळी-अवेळी आला. "टाबेशला काढलं," एवढंच म्हणाला. मला क्षणभर वाटलं त्यांच्या सोसायटीतलं कोणीतरी. कुठल्या वाहिनीचं वेळापत्रक कोण बनवतं हे तुम्हाला माहीत आहे? मला दुसऱ्या एकाही वाहिनीचं माहीत नाही. या म्हाताऱ्यांना माहीत होतं. दर महिन्याला ज्याच्या नावानं बोटं मोडायची, तो माणूस गेला म्हटल्यावर मंगळवारची मंडळी प्रथमच एकमुखानं बोलली. प्री-कोडवाल्या बाईंनी म्युझिकलवाल्यांना आपल्या गाडीतून घरी सोडलं. स्पीलबर्ग, स्कॉर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन या तिघा दिग्दर्शकांनी थेट कंपनीच्या प्रमुखाशी बोलणं केलं. काही दिवसांतच टाबेश परत कामावर आले. पुढची यादी आल्यावर मामाचा फोन आला.

"काही नाही या महिन्यात," तो म्हणाला. इतक्या आनंदानं त्यानं ते वाक्य कधी उच्चारलं नसेल.

छापील पुस्तिका त्याच्या आधीच बंद झाली होती. मी यादी मोठ्या टायपात छापून पाठवायचे. मग टाइप आणखी मोठा केला. मग एका महिन्यात त्यानं खुणांचा आकडा सांगितला नाही. विचारलं तेव्हा म्हणाला, मधोमध धुकं आहे. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत. पडद्यावर माणूस चाललाय हे कळतं, चेहरा कळत नाही.

तेव्हापासून यादी मी वाचते आणि खुणा मी करते. माझ्याकडे आता तीन पेन्सिली आहेत. एक तारखेपासून सुरुवात, सहा वाजल्यापासून. मी नाव वाचते, तो रंग सांगतो. मध्ये मध्ये सालावर वाद घालतो आणि जिंकतो. पूर्ण महिना लावायला दोन संध्याकाळी जातात. बोलपट त्याला चालतात, किंबहुना त्या काळचे सिनेमे कानानं पाहायला बरे, असं तो म्हणतो. सगळे स्पष्ट बोलतात, एकावेळी एकच जण बोलतो, पाऊल वाजलं तर कोणाचं ते कळतं. अडलं ते मूकपटांपाशी.

रविवारी मध्यरात्री 'सायलेंट संडे नाइट्स' असतं. पंचांगाप्रमाणे रविवार, कॅलेंडराप्रमाणे सोमवार. इतरांना जांभई येते तिथे मामाची लाल पेन्सिल चालते. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे ११,००० पूर्ण लांबीचे मूकपट निघाले आणि त्यांतले जेमतेम १४ टक्के मूळ रूपात पूर्ण उरले आहेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली मोजून सांगितलं. मामाचं म्हणणं, उरलेत तेवढ्यांना तरी हजेरी लावायला नको? मी आजवर एकही नीट पाहिला नव्हता. मला ते हातवारे जमायचे नाहीत.

"निळा," मामा म्हणाला.

मी वाचलेलं नाव होतं 'द क्राउड'. किंग व्हिडॉर, एमजीएम, १९२८.

"पण तू पाहणार कसा? बोलणं पडद्यावरच्या पाट्यांत लिहिलेलं असतं."

"तू वाच."

"रात्री बाराला?"

"तुझ्याकडे नऊ वाजलेले असतात. जपानात याचा पगार मिळायचा. बेन्शी म्हणायचे त्या माणसाला, पडद्याशेजारी उभा राहून बोलायचा. लोक सिनेमाला नाही, बेन्शीला बघायला जायचे."

मग बसले. फोन स्पीकरवर, पुढ्यात टीव्ही. तिकडे त्याचाही टीव्ही चालू, दोन्हीकडच्या संगीतात अर्ध्या सेकंदाचं अंतर, त्यामुळे सगळं जरा विहिरीत वाजल्यासारखं. पहिल्या दोन पाट्या मी इंग्रजीतच वाचल्या. मग न कळत मराठीत सांगायला लागले. तो काही बोलला नाही. पाट्या थोड्याच होत्या, पण लवकरच लक्षात आलं की नुसत्या पाट्या वाचून भागणार नाही, चेहरे कोण सांगणार? तो पोरगा जिना चढतोय, मी म्हणाले. मोठा जिना आहे. वर येतो आणि थांबतो, खाली सगळे लोक वर बघत उभे आहेत. चेहरा कसा आहे, मामानं विचारलं. लहान मुलाचा होता, आत्ता नाहीये, मी म्हणाले. हं, तो म्हणाला.

तिकडे दार वाजलं. मामीचा झोपेतला आवाज, "कोणाशी बोलताय एवढ्या रात्री?" मामा म्हणाला, "सिनेमा बघतोय." ती काहीतरी पुटपुटून गेली.

मग न्यूयॉर्क आलं. माणसं, गाड्या, पुन्हा माणसं. मी सांगत होते. कॅमेरा एका उंच इमारतीच्या पायाशी येऊन वर चढायला लागला, मजल्यामागून मजला, खिडक्याच खिडक्या.

"आत गेला का?" मामानं विचारलं.

"थांब. एका खिडकीशी गेलाय. हो, गेला आत."

"टेबलं?"

"टेबलंच टेबलं. ओळीनं. संपतच नाहीत. सगळी माणसं एकसारखी खाली वाकून लिहितायत."

"खाली येतोय ना हळूहळू?"

"येतोय. एका टेबलाशी येतोय. तोच पोरगा आहे, मोठा झालाय."

"टेबलावर पाटी असेल. आकडा सांग."

मी पुढे सरकून बघितलं.

"एकशे सदतीस."

"बरोबर," मामा म्हणाला. थोडा वेळ नुसतंच संगीत, आधी माझ्याकडचं, मग त्याच्याकडचं. "माझा दोनशे चार होता."

मी काही विचारणार तेवढ्यात पुढची पाटी आली.